फिर्याद आणि साक्ष

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु दाद मिळत नाही अशी खात्री पटल्यावरही अन्यायाची नोंद ठेवीत राहावे काय, हा त्याहून बिकट प्रश्न होय. इस्रायलमधील ‘बेत्सेलेम’ ह्या संस्थेपुढे तो प्रत्यक्ष उभा राहिला.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांत पॅलेस्टिनी रहिवाशांवर होणाऱ्या जुलमांची नोंद करण्यासाठी इस्रायली नागरिकांनीच १९८९ साली ही संस्था स्थापिली. तिचे नाव बायबलातील उत्पत्तीच्या कथेतून घेतलेले असून, मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेनुसार निर्माण झाला, ह्या वचनाकडे ते निर्देश करते. साक्षीदारांच्या जबान्या घेऊन व त्या पडताळून ती लष्कराकडे चौकशीची मागणी करी. २००० सालच्या अखेरीपासून अशी ७३९ प्रकरणे तिने पुढे नेली. २०१६ साली हिशेब मांडला, तेव्हा १८२ प्रकरणांत चौकशी सुरूच झाली नव्हती, ३४३ प्रकरणे चौकशीअंती काहीही न करता मिटविण्यात आली होती, आणि सैनिकांवर आरोप ठेवले गेले ते अवघ्या २५ प्रकरणांत! आपल्या तक्रारींनी न्याय तर होत नाहीच, उलट तो होत असल्याचा देखावा मात्र उभा राहतो, असे म्हणून संस्थेने लष्कराकडे फिर्याद नेणे सोडले. नोंद ठेवणे मात्र चालूच ठेवले.

न्यायाधीशच नाही तर साक्ष कोणापुढे द्यावयाची, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते फिर्याद आणि साक्ष ह्यांत भेद केला पाहिजे. फिर्याद अधिकाऱ्याच्या मर्जीवर जगते. त्याने ती फेटाळली की तिचे काम संपले. साक्ष ऐकावयास कोणी नसले, तरी ती खोटी ठरत नाही. मात्र तिला निःपक्षपातीपणाचे बंधन पाळावे लागते. पॅलेस्टिनी लोकांच्या हातून मारल्या गेलेल्या इस्रायली नागरिकांचीही गणना ह्याच संस्थेने केली आहे, ही गोष्ट आम्हांस म्हणूनच मोलाची वाटते.

ज्या मातेचा पुत्र गेला, तिला ह्या नोंदीने काय मिळाले? आज काहीच नाही, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु नोंदच नसती, तर मारणाऱ्याचे म्हणणे तेवढे मागे उरले असते. न्यायाधीशाने झिडकारलेली साक्ष वाचकाच्या हाती येते, तेव्हा ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्यास उरत नाही. हे ओझे वाचकाने उचलावयाचे आहे. ‘आम्ही न्यायाधीश थोडेच आहो’, ह्या सबबीने ते खाली ठेवता येत नाही.