शालेय पोषण आहार आणि गावचे पीक

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारी मिळणारे जेवण तीन वाटांनी येते. तांदूळ केंद्र सरकारचा. तो भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून निघतो. डाळी, कडधान्ये, तेल आणि मसाला हा धान्यादी माल राज्याने निविदा काढून नेमलेला ठेकेदार पोचवतो. शाळेच्या हाती राहते ती इंधन-भाजीपाल्याची रक्कम. गावच्या शिवाराचा या ताटाशी संबंध येतो तो एवढ्या तिसऱ्या वाटेपुरता.

ही रचना घडण्याला कारणे होती. 15 ऑगस्ट 1995 ला शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला 3 किलो धान्य घरी नेण्यासाठी मिळे. नोव्हेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्या वेळी देशाची गोदामे भरलेली होती आणि मुले उपाशी होती. गोदामातला तांदूळ शाळेत नेणे हाच सर्वांत जवळचा मार्ग होता. आज या तांदळासाठी राज्याला किंमत मोजावी लागत नाही. म्हणून त्याच्या जागी गावचा तांदूळ आणण्याचा आग्रह व्यवहारात टिकत नाही. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे भूषणावह खरे, पण त्याचा भाव खिचडीला परवडणारा नाही. प्रश्न उरतो तो भाजी, कडधान्य, नाचणी, शेंगदाणा आणि गूळ यांचा.

भाजीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरले आहे. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेला दिवसाला पाच किलो भाजी पुरते आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला एक टन. मोठ्या व्यापाऱ्याला एवढ्यासाठी गाडी पाठवणे परवडत नाही, पण चार-पाच गुंठ्यांत भाजी करणाऱ्या बाईला हे हक्काचे गिऱ्हाईक ठरू शकते. अडचण पावसाची आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पुढचे दोन-अडीच महिने शेतात पाय ठरत नाही. शाळेच्या परसबागेचे वाफेही याच दिवसांत कुजतात. भाजीचा मळा असलेला शिरोळ तालुका 2019 आणि 2021 मध्ये महापुराखाली गेला. शिवाय ओलिताखालची जमीन बहुतांशी उसाकडे आहे आणि उसाचे बिल सोडून कोणी शाळेसाठी दोडका लावील ही अपेक्षा भाबडी आहे. पावसाळ्यात कडधान्याला मोड आणून वेळ भागवावी आणि भाजीचा करार दसऱ्यानंतरच्या महिन्यांसाठी करावा, हे अधिक शहाणपणाचे.

नाचणीची गोष्ट वेगळी. भुदरगड, चंदगड, आजरा, शाहूवाडीच्या उतारांवर ती पिकते, पावसाळा संपता संपता हाती येते आणि वर्षभर टिकते. तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आसपास. तरी ती रोजच्या ताटात नाही, याचे मोठे कारण चुलीपाशी सापडते. तांदूळ एका पातेल्यात दोनशे मुलांसाठी शिजतो, भाकरी मात्र एकेक थापावी लागते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या एक-दोन मदतनीस बायकांकडून दोनशे भाकऱ्यांची मागणी करणे हा अन्यायच. आंबील, सत्त्व किंवा शेंगदाणे-गूळ घालून केलेला लाडू हीच नाचणीची शाळेतली वाट. त्यासाठी धान्य निवडून, भरडून, दळून शाळेत यायला हवे. तालुक्यातल्या बचत गटाला हे काम जमण्यासारखे आहे.

मुलांच्या जेवणाची जबाबदारी समाजाने घेण्याची परंपरा या भागाला नवी नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. जिल्ह्यातल्याच कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुले स्वतः शेतात राबली आणि खेड्यांनी दिलेल्या धान्यावर वसतिगृहे चालली. ते अन्न स्थानिकच होते, पण लोकांच्या त्यागावर उभे होते. सरकारी योजनेने शेतकऱ्याकडून त्यागाची अपेक्षा ठेवू नये. तिने खरेदी करावी.

खरेदीचे नियमच ताट ठरवतात, हे ब्राझीलने दाखवून दिले. तिथल्या 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम कुटुंब-शेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी राखली आणि त्या खरेदीला नेहमीच्या निविदेतून सूट दिली. कर्नाटकाने 2013 मध्ये क्षीरभाग्य योजना आणून आपल्याच सहकारी महासंघाचे दूध शाळांत नेले. त्याच राज्यातल्या निपाणीच्या शाळा कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. भारत सरकारनेही सप्टेंबर 2021 मध्ये योजनेला पीएम पोषण हे नाव देताना शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट आणि स्थानिक पारंपरिक अन्न यांना उत्तेजन द्यायचे ठरवले. मात्र उत्तेजन म्हणजे बंधन नव्हे, आणि निविदा राज्यपातळीवर निघते तोवर भुदरगडचा बचत गट तिच्यापर्यंत पोचणार नाही.

कोल्हापुरात या कामाचा नमुना डोळ्यांसमोर आहे. 1963 मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे गोकुळने, गावोगावच्या संस्थांमार्फत दोन लिटर दूध घालणाऱ्यालाही मोठ्या बाजाराशी जोडले. माप, प्रत तपासणे, वाहतूक आणि हिशेब ही चारही कामे तिथे रोज होतात. नाचणी किंवा मुगाची खरेदी तालुका पातळीवर, आधी जाहीर केलेल्या दराने, अशीच करता येईल. त्यात सर्वांत कच्चा दुवा पैशाचा आहे. इंधन-भाजीपाल्याचे अनुदान अनेकदा महिनोन्‌महिने थकते आणि मुख्याध्यापक उधारीवर वेळ मारून नेतात. दुधाचे बिल ठरल्या दिवशी हातात पडण्याची सवय असलेला इथला शेतकरी अशा गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा माल देणार नाही. पाककृतींचे नवे तक्ते काढण्याआधी शासनाने हे देणे वेळेवर चुकवायला हवे.