इच्छा आणि अर्धांगवायू
बऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूर टेकडीवरच्या इच्छादेवीमुळे ओळखले जाते. देवीच्या नावातच इच्छा आहे, पण इच्छा आत्म्याची की देहाची, हा वाद जुना आहे, कारण न्यायसूत्रे तिला आत्म्याची खूण मानतात, तर गीतेचा तेरावा अध्याय तिला क्षेत्रात, म्हणजे शरीराच्या बाजूला, ठेवतो. या वादाची कसोटी अर्धांगवायूत पाहता येते. त्यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते (हाच प्रकार अधिक) किंवा, बहुधा वाढलेल्या रक्तदाबाने, फुटते आणि तेथील पेशी मरतात. डाव्या मेंदूला इजा झाल्यास उजवा हात लुळा पडतो, अनेकदा वाचाही जाते, तरी हात उचलण्याची इच्छा सहसा शाबूत राहते. एवढ्यावरून नैयायिकांचा विजय मानणे घाईचे ठरेल. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली, तर कधी इच्छाच मावळते. गीतेचे वर्गीकरण येथे अधिक टिकते.