दिवा लागत नाही तेव्हा

आज एका साध्या गोष्टीपाशी निवांत बसू. वाचता वाचता मध्येच थांबावंसं वाटलं तर जरूर थांबा. तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत असाल, घरात आठवी-नववीतलं मूल असेल, किंवा वीज म्हणजे काय हे आपल्याला कधी नीट उमगलंच नाही अशी जुनी रुखरुख मनात असेल, तर हे मनन तुमच्यासाठी आहे.

मनापुढे तीन वस्तू ठेवा. दीड व्होल्टचा एक सेल, भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसला. जुन्या टॉर्चमधला छोटा बल्ब, ज्याच्या काचेतून आतली बारीक तार दिसते. आणि वीतभर तांब्याची वायर, दोन्ही टोकं सोललेली. होल्डर नाही, बटण नाही, दुसरी वायरही नाही. आता मनातल्या मनात दिवा लावा.

लगेच पुढे वाचू नका. वायरचं एक टोक कुठे टेकवलंत? दुसरं कुठे? आणि बल्ब सेलवर नेमका कसा ठेवलात?

पुष्कळांच्या मनातली वायर सेलच्या टोकापासून निघते, बल्बच्या बुडाशी जाते आणि तिथेच थांबते. वीज आली, बल्बात शिरली, उजेड झाला, संपली. १९९७ सालच्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या अमेरिकन माहितीपटात एमआयटीतून नुकतीच पदवी घेतलेल्या तरुणांच्या हाती हेच साहित्य दिलं होतं. पदवीदानाचे झगे अजून अंगावर होते, आणि त्यांतले काही जण या एका बल्बापाशी अडखळले. गणित त्यांना उत्तम येत होतं. बल्बाला विजेच्या वाटेची दोन टोकं असतात, हे त्यांच्या बोटांना कधी भेटलेलं नव्हतं.

ती दोन टोकं आता सावकाश पाहा. एक बल्बच्या बुडाचा ठिपका. दुसरं बाजूची धातूची कड. आतली बारीक तार या दोहोंच्या मध्ये ताणलेली असते. ठिपका सेलच्या वरच्या टोकावर टेकवा, वायर सेलच्या बुडापासून बल्बच्या कडेला आणा. वाट पुरी झाली, दिवा लागला. जितकी वीज गेली तितकीच परत आली. वाटेत फक्त ऊर्जा देऊन आली.

इथे थोडं थांबा. वीज खर्च होऊन संपत नाही, ती फिरून परत येते. सगळ्या विद्युत अभियांत्रिकीचा पाया एवढाच आहे. पुस्तकातलं हे वाक्य पाठ व्हायला मिनिट पुरतं. हातांना पटायला एक आख्खी तासिका लागू शकते, आणि त्या तासिकेची किंमत काय, हाच आज आपल्यापुढचा प्रश्न आहे.

आता नववीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. ‘धाराविद्युत’ हा पाठ चालू आहे. बाकांवर सेल, वायरी, छोटे दिवे. चार-पाच बाकांवर उजेड झाला, आरडाओरडा झाला. एका बाकावर एक मुलगी खाली मान घालून बसली आहे. तिचा दिवा लागत नाही.

तिच्याकडे पाहताना तुमच्या हाताला काय वाटतं, ते जाणा. हात पुढे जाऊ पाहतो. “अगं, इथे लाव,” हे शब्द ओठांवर येतात. ही माया आहे, त्यात वाईट काही नाही. तरी या क्षणी तो हात मागे ठेवा आणि तिला एकच प्रश्न विचारा: “वीज कुठपर्यंत पोचली असेल, असं तुला वाटतं?” मग गप्प राहा.

या शांततेत तिच्यापुढे किती शक्यता उघडतात, त्या एकेक करून पाहू. सेल उतरलेला असेल. बल्ब होल्डरात सैल असेल. वायर बाहेरून धड आणि आतून तुटलेली असेल. सोललेल्या टोकावर मळ साचला असेल. एलईडी असेल तर उलटा लागला असेल, कारण एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो आणि त्याचा लांब पाय धन बाजूला लागतो. यांतलं प्रत्येक कारण हा एकेक धडा आहे. दिवा पहिल्याच फटक्यात लागला असता, तर यांतला एकही तिच्या वाट्याला आला नसता.

ती सेल बदलून पाहते. नाही. वायर बदलते. नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारं तसंच ठेवायचं, ही शिस्त तिला कुणी सांगितलेली नाही. न लागणारा दिवाच ती शिकवतो आहे. मोठ्या उपकेंद्रातला अभियंता दोष शोधतो, तोही याच पद्धतीने. वाटेचे भाग पाडायचे, कुठपर्यंत ठीक आहे ते पाहायचं, आणि संशयाची जागा लहान लहान करत आणायची.

आता एका आकड्यापाशी बसू. नऊ व्होल्टची बॅटरी आणि लाल एलईडी घ्या. एलईडी स्वतःपाशी साधारण दोन व्होल्ट ठेवतो. उरलेले सात कुणीतरी सांभाळायला हवेत, म्हणून वाटेत रेझिस्टर घालायचा. ४७० ओहमचा घातला, तर सात भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर. एलईडीला हे सोसतं. रेझिस्टरवरचे पट्टे पाहा: पिवळा, जांभळा, तपकिरी. चार, सात, आणि पुढे एक शून्य. हाच रेझिस्टर काढून हजार ओहमचा लावला की उजेड मंदावतो. भागाकाराचं उत्तर बदललं, हे डोळ्यांना दिसतं. फळ्यावर मुलं भागाकार करतात ते गुणांसाठी. इथे तो केला नाही तर एलईडी जळतो. तो जळू द्यावा एखादा. दोन-चार रुपयांची ती वस्तू, आणि सूत्र मुलाच्या कायमचं ध्यानात राहतं.

व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर, हा नियम ज्याच्या नावाने आपण शिकवतो, तो गेऑर्ग ओहम कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा होता आणि जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होता. त्याच्या काळच्या सेलचा जोर एकसारखा टिकत नसे. म्हणून त्याने तापमानातल्या फरकावर वीज देणारा तांबं आणि बिस्मथ यांचा सांधा वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने मापं घेतली. १८२७ मध्ये त्याचा ग्रंथ आला, तेव्हा त्याच्याच देशात त्याचं थंड स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला १८४१ साल उजाडलं. आपण एका ओळीत सांगून मोकळे होतो तो नियम एका शिक्षकाने हातांनी मोजून मिळवलेला आहे. आपल्या वर्गातल्या मुलांनाही तो मोजून मिळवण्याचा हक्क आहे.

पुढचा विचार जरा नवलाचा आहे, तो हळू घ्या. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर वीज वाहत असेल, तर त्यातले इलेक्ट्रॉन सरासरी किती वेगाने पुढे सरकतात? मिनिटाला जेमतेम चार-पाच मिलिमीटर. तरी बटण दाबताच दिवा लागतो. सायकलचं पायडल दाबलं की चेनची प्रत्येक कडी एकदमच हलते, पहिली कडी मागच्या चाकापर्यंत पोचायची वाट कुणी पाहत नाही, तसंच हे. तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेलेच असतात. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या विजेत तर ते पुढेही जात नाहीत. सेकंदाला शंभरदा दिशा बदलत जागच्या जागी हलत राहतात. ज्या मुलाने स्वतः वाट जोडली आहे, त्याला हे सांगितलं की त्याचे डोळे मोठे होतात. ज्याने काहीच जोडलेलं नाही, त्याच्यासाठी ही आणखी एक माहिती असते.

आता मोटर. लॅकर चढवलेल्या तांब्याच्या तारेचे सेलभोवती दहा-बारा वेढे घ्यायचे आणि ते वेटोळं सेलवरून काढून घ्यायचं. अशी तार मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळते. दोन सेफ्टी पिना सेलच्या दोन टोकांना रबराने बांधायच्या, सेलवर एक चुंबक ठेवायचा, पिनांच्या भोकांत वेटोळ्याची टोकं अडकवायची. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना अशी खेळणी असंख्य मुलांपर्यंत पोचवली. या मोटरीचं सगळं मर्म खरवडण्यात आहे. तारेच्या एका टोकाचं लॅकर पूर्ण काढायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्हीकडचं पूर्ण काढलं, तर चुंबक अर्धा फेरा वेटोळ्याला पुढे ढकलतो आणि उरलेला अर्धा फेरा मागे ओढतो. वेटोळं नुसतं डुलत राहतं. अर्धी बाजू झाकलेली असली की ओढण्याच्या वेळी वीज बंद होते आणि वेटोळं मिळालेल्या गतीनेच फेरा पुरा करतं. डुलणाऱ्या वेटोळ्यासमोर वीस मिनिटं बसलेल्या मुलाला हे कधीतरी आपोआप उमगतं. तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासाठी शिक्षक व्हावं.

मनात एक भीतीही आहे. तिच्याकडेही नीट पाहू. “विजेला हात लावू नकोस,” हे प्रत्येक घरात सांगतात आणि बरोबरच सांगतात. मुलांचे प्रयोग सेलवरच व्हावेत, भिंतीतल्या विजेवर कधीही नाही. पण भीतीमागचं कारण मुलांना कळलं पाहिजे. कोरड्या त्वचेचा रोध लाख ओहमच्या घरात असू शकतो. ओल्या हाताचा हजार-दोन हजारांवर येतो. २३० भागिले दोन हजार, म्हणजे ११५ मिलिअँपिअर. माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवलेला आरसीसीबी हा स्विच ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडतो. मघाच्या इवल्याशा एलईडीतून १५ गेले होते. हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि क्षणभर पाहत राहा. नियम तोच, भागाकार तोच. तो ज्याला कळला, ते मूल ओल्या हाताने प्लगला हात लावणार नाही आणि आजीलाही लावू देणार नाही. अर्थिंग का हवं, हेही आपणहून विचारेल.

करून शिकण्याची ही वाट नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतली डॉक्टरेट आणि हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन मागे ठेवून ते या दुष्काळी गावात आले. करत करत शिकणं हीच माणसाची शिकण्याची मूळ रीत, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी उभा केलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत गेला. त्यात वीज आणि ऊर्जा हा एक विभाग आहे, सोबत कार्यशाळा, शेती आणि गृह-आरोग्य. मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडावं, हा त्याचा गाभा. दुसऱ्याच्या उपयोगाची वस्तू चालली पाहिजे. ती चालेपर्यंत मूल तिच्यापाशी थांबतं. हे थांबणं बाहेरून लादता येत नाही, कामच ते मागतं.

आणखी एकच गोष्ट, आणि ती मनाला टोचू द्या. गटात काम चालू असताना स्क्रूड्रायव्हर कुणाच्या हातात असतो आणि वही कुणाच्या? बहुतेक वेळा वायर मुलगा सोलतो आणि निरीक्षण मुलगी लिहिते. कुणी तसं सांगितलेलं नसतं, तरी होतं. शिक्षकाने ते पाहायचं आणि हातांची अदलाबदल करायची, प्रत्येक वेळी, न कंटाळता.

म्हणून शाळांना एक विनंती. या सत्रात विजेच्या पाठासाठी एक जोड तासिका काढा. प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला स्वतःची नऊ व्होल्टची बॅटरी, स्वतःचा एलईडी, स्वतःचा रेझिस्टर आणि वायर द्या; चाळीस जणांत एक संच नको. अर्धा वेळ जोडणीसाठी ठेवा आणि अर्धा वेळ न चाललेलं दुरुस्त करण्यासाठी. गुण द्यायचे असतील, तर दोष कसा शोधला याला द्या. साहित्य कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मोडेल, हरवेल, पुन्हा आणता येईल. नववीचं वर्ष मात्र मुलाच्या आयुष्यात एकदाच येतं.