आजचे चिंतन : नवस आपला, कातडी बाळाची



आज वाचनात गीतेच्या ९ व्या अध्यायातला २६ वा श्लोक आला. पान, फूल, फळ, पाणी, काहीही भक्तीने दिलं तरी भगवंत ते आनंदाने घेतो, असा त्याचा भाव. वाचता वाचता रामकुंडावरची एक सकाळ आठवली.

ओळखीच्या एक आजी नातवाचं जावळ काढायला आल्या होत्या. तिसरं वर्ष लागलं होतं. 'मूल जगू दे, गोदामाईच्या काठी जावळ काढीन,' असा नवस त्या बोलल्या होत्या. बाळाला एपिडर्मोलायसिस बुलोसा हा आनुवंशिक त्वचारोग. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनंच सदोष, त्यामुळे जरा घासलं की फोड येतो. उशीला घासून डोक्याची मागची बाजू उघडी पडली होती. फोड पुन्हा पुन्हा येऊन व्रण राहिला, की केसांची मुळंच जातात. तिथे केस परत येत नाहीत. अशा आजारांच्या काही प्रकारांत केस मुळातच विरळ असतात. काहींत लोकरीसारखे कुरळे असतात, तेव्हा डॉक्टर हृदयही तपासून घ्यायला सांगतात. रोग संसर्गाचा नाही, तरी शेजारच्या बायकांनी आपली मुलं जवळ ओढलीच.

वस्तरा बघून सून म्हणाली, "आई, नको हो. सोलून निघेल डोकं."

आजींचे डोळे भरले. "सगळ्यांच्या मुलांचं होतं. याचंच एकट्याचं राहायचं का?"

खरं सांगते, आजींचं दुःख मला खोटं वाटलं नाही. संस्कार म्हणजे 'हा आमच्यातला' असं चारचौघांत सांगणं. तेच हुकलं, तर मूल आणखी वेगळं पडेल, ही त्यांची भीती.

पण विचार करा. आपण जावळ देतो, कारण केस पुन्हा येणार हे आपल्याला ठाऊक असतं. या बाळाचं गेलेलं परत येईलच असं नाही. आणि नवस बोललं कोण? मी उपास करीन, अनवाणी चालेन, ते माझं देणं. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या अंगावरून सोलून दिलं तर ते दान कसलं?

न्हावीदादांनी वस्तरा मिटला. "आजी, देव काय केस मोजत बसतो?" म्हणाले. कात्रीने, डोक्याला न लावता, एका बटेचं फक्त टोक कापलं. आजींनी ते टोक फुलासोबत गोदेत सोडलं. नदीचं पाणी जखमांना लावलं नाही. मग बाळाचं नाव मोठ्याने घेऊन सगळ्यांना पेढे वाटले. शेजारच्या बायकांनाही.

जमेल तेवढ्या साहित्यात पूजा करतो, असं आपण संकल्पातच सांगतो ना? मग जमत नाही ते सोडण्यात कमीपणा कसला?

आज दिवा लावताना स्वतःला एवढंच विचारू या : माझ्या भक्तीचा भार दुसऱ्या कुणाच्या अंगावर तर पडत नाही ना?

राम कृष्ण हरी.