किती पाणी पुरे?

कारंजा लाडपासून समुद्र सरळ रेषेत धरला तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर. (मासेमारीचं बंदर असलेलं कारंजा वेगळं, ते उरणचं.) तेव्हा बोटीच्या इंजिनाला थंड ठेवणारा पंप निकामी झाला तर नवा कोणता घ्यावा, हा प्रश्न आमच्या तालुक्यात कुणाला पडायचं कारण नाही, असं वाटेल. पण या प्रश्नातून बोट बाजूला काढली की उरतं ते एवढंच : समोर जे पाणी असेल, खारं, गढूळ, शेवाळलेलं, तेच यंत्रातून फिरवायचं आणि यंत्र थंड ठेवायचं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनानं वऱ्हाडात वर्षानुवर्षं हेच केलं.

पाच अश्वशक्तीच्या त्या इंजिनाची रचना आठवून पाहा. पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी निघते, तिला तोटी असते. तोटीतून आलेलं विहिरीचं पाणी सिलिंडरभोवती फिरतं, हेडमधून बाहेर पडतं आणि दांडात जाऊन मिळतं. डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश कामी येते, जवळपास तेवढीच धुरावाटे जाते आणि साधारण तेवढीच पाण्याला न्यावी लागते. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट. एवढी उष्णता पाण्यानं तीस अंशांनी तापून न्यायची, तर हिशेबानं मिनिटाला दोन लिटरही लागत नाहीत. पंप मात्र त्याच मिनिटाला शेकडो लिटर पाणी फेकत असतो. तरी पुष्कळ ठिकाणी तोटी पूर्ण उघडी दिसायची. थंड म्हणजे चांगलं, आणि जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

तो चुकीचा आहे. फार थंड ठेवलेल्या सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, अर्धवट जळलेलं इंधन वंगणाचा थर धुऊन नेतं आणि लायनर वेळेआधी झिजतो. पीसीआरए ही इंधनबचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था शेतकऱ्यांना फूटवॉल्व्ह आणि पाइप बदलायला सांगायची, तसं इंजिन फार थंड चालवू नका, हेही सांगायची. इंजिनाला स्वतःची एक ऊब लागते. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरावा, तो फार वेळ धरवू नये, इतपत ते कढत असावं. या परीक्षेला मीटर लागत नाही, पण तोटी थोडी बंद करण्याचा धीर लागतो.

बोटीवर याच कामाला वेगळा छोटा पंप असतो. ब्रांझच्या घरात रबरी पात्यांचा पंखा. घराची भिंत एका अंगाला आत फुगलेली. तिथून जाताना पाती दुमडतात, पुढे सरळ होतात आणि त्या सरळ होण्यानंच पाणी ओढलं जातं. आपल्या शेतातल्या पंपासारखा हा आधी पाण्यानं भरावा लागत नाही. मात्र त्याचं वंगण म्हणजे तेच पाणी. तळाचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीनं किंवा शेवाळानं बुजलं की थोड्याच वेळात रबर भाजतं आणि पाती तुटतात. तुकडे पुढे जाऊन उष्णता उतरवणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. मग पंप नवा बसवला तरी इंजिन तापतंच, आणि बोल लागतो नव्या पंपाला. जाणता मेकॅनिक म्हणूनच जुन्या पंख्याची पाती आधी मोजतो आणि हरवलेलं प्रत्येक पातं शोधून काढतो. नव्या पंपाची निवड खरं तर तिथून सुरू होते. पंखा सगळीकडून सारखा झिजला असेल तर वय झालं होतं. भाजला असेल तर पाणी थांबलं होतं. आतली भिंत ओरखडली असेल तर वाळू येत होती. यांतल्या शेवटच्या दोन दुखण्यांना नवा पंप हे औषधच नव्हे.

आणि घ्यायचाच झाला, तर दुकानदार मोठा पुढे करतो. शंभर अश्वशक्तीच्या बोट-इंजिनाला पाणी पंधरा अंश तापू द्यायचं म्हटलं, तर मिनिटाला साठ-सत्तर लिटर पुरतात. दुप्पट पाणी ढकललं तर दुप्पट सुरक्षितता मिळत नाही. तांब्याच्या नळ्यांत पाण्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तेच पाणी त्यांना आतून खरवडतं. फिरण्याची दिशा, दर फेरीला किती पाणी, दांड्याची जाडी, पट्ट्यावर चालणार की गिअरवर, हे सगळं जुळावं लागतं. पितळ की ब्रांझ, हेही. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त झिरपून जातं आणि धातू भुसभुशीत होतो. ही काळजी फक्त कोकणातल्या तांडेलानं करायची नाही. कारंज्याहून मूर्तिजापूरकडे गेलं की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या शेकडो गावांच्या जमिनीखाली खारंच पाणी आहे.

अति काळजीचं एक जुनं उदाहरण समुद्रावरचंच आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असत आणि खाऱ्या पाण्यात ते झिजत. १८२४ साली हम्फ्री डेव्हीनं त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायला सांगितलं. उपाय नामी ठरला, तांबं झिजायचं थांबलं. पण झिजणाऱ्या तांब्याचं विषच तोवर शंख-शिंपल्यांना दूर ठेवत होतं. तांबं वाचलं, तळावर शिंपल्यांचं रान माजलं, जहाजं मंदावली आणि तो उपाय गुंडाळावा लागला. थोडं झिजणं हेच त्या पत्र्याचं काम होतं.

आता विहिरीवरची डिझेल इंजिनं कमी झाली. त्यांची जागा बोअरमधल्या सबमर्सिबलनं घेतली, पण पाण्याशी नातं तेच राहिलं. मोटर खाली, पंप वर. उपसलं जाणारं पाणी मोटरच्या अंगावरून जातं आणि तिला थंड ठेवतं. आमच्याकडच्या बेसाल्टमध्ये बोअरचं पाणी फटींतून, आपल्या गतीनं येतं. पंप त्याहून मोठा असेल तर पातळी झपाट्यानं खाली जाते, मोटर कोरडी चालते आणि जळते. त्यावरचा आपला उपाय काय? पाणी कमी पडतं, म्हणून आणखी मोठी मोटर. सरकारी मोजमापही याच वळणाचं आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती. जमीन किती आहे हे सातबारा सांगतो. बोअरला पाणी किती येतं याची नोंद त्यावर नसते. गरज जमिनीवरून मोजावी हे समजण्यासारखं आहे, पण पंपाला काम पडतं ते पाण्याशी. क्षेत्राबरोबर बोअरची उपसा-चाचणी घेतली असती, तर बऱ्याच शेतांत तीनचाच पंप दीर्घकाळ टिकला असता, आणि दिवसभराचं पाणीही फारसं कमी भरलं नसतं, कारण झिरा जेवढा देतो तेवढंच शेवटी मिळतं.

मोटर जळाली की ती वायंडिंगवाल्याकडे जाते. तो ती उघडतो आणि तारांकडे पाहूनच त्याला बरंच कळतं. तिन्ही फेजची वेटोळी सारखी काळी असतील तर मोटरवर भार जास्त पडला किंवा तिला थंडावा मिळाला नाही. काहीच वेटोळी काळी आणि बाकीची कोरी असतील तर लाइनचा एखादा फेज गेला होता. पहिल्या दुखण्यात पंप लहान घ्यायला हवा, दुसऱ्यात पंपाचा दोषच नाही. एवढं सांगायला त्याला दोन वाक्यं लागतात. समोरचा माणूस मात्र गाडी चालू ठेवूनच विचारतो, संध्याकाळपर्यंत भरून होईल का, आणि एक नंबर मोठी बसवता येईल का.