लगाम आणि विश्वास

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन भगवंतांपुढे एक अडचण मांडतो. मन चंचल आहे, बलवान आहे, वाऱ्याला मुठीत धरावे तसे त्याला आवरणे कठीण आहे, असे तो म्हणतो. भगवान ही अडचण नाकारीत नाहीत. मन आवरणे दुष्कर आहे हे ते मान्य करतात आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. त्याच अध्यायात थोडे आधी त्यांनी असेही सांगितले आहे की, ही साधना हळूहळू, धैर्ययुक्त बुद्धीने करावी. आपण गृहस्थ लोक हा अध्याय श्रद्धेने वाचतो. परंतु 'आवरणे' हा शब्द जेवढा मनात ठसतो तेवढा 'हळूहळू' हा शब्द ठसत नाही. या लेखात त्या दुसऱ्या शब्दाविषयी काही विचार मांडावयाचे आहेत.

कठोपनिषदातील रथाचे रूपक वाचकांना परिचित आहेच. शरीर हा रथ, आत्मा हा रथाचा स्वामी, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. ज्याचे मन आवरलेले नाही त्याची इंद्रिये सारथ्याच्या दुष्ट घोड्यांप्रमाणे अनावर होतात आणि ज्याचे मन आवरलेले आहे त्याची इंद्रिये चांगल्या घोड्यांप्रमाणे वश असतात, असे तेथे सांगितले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, घोडे मारून टाका असे उपनिषद सांगत नाही. घोड्यांवाचून रथ चालत नाही. प्रश्न आहे तो दुष्ट घोडा चांगला कसा होतो याचा. हा प्रश्न ग्रंथात वाचून मला पुरतेपणी कळला नव्हता. तो लखनौच्या एका तबेल्यात कळला.

एके काळी लखनौ शहराचा व्यवहार इक्क्यांवर आणि टांग्यांवर चालत असे. आता बड्या इमामबाड्याच्या आणि रूमी दरवाजाच्या परिसरात पाहुण्यांना फिरवून आणणारे थोडेच टांगे उरले आहेत. माझ्या घराजवळ असेच एक वृद्ध टांगेवाले राहतात. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक तरुण घोडी विकत घेतली. ती वीटभट्टीवर ओझी ओढून आली होती. कोणी हात वर केला, मग तो टोपी सारखी करण्यासाठी का असेना, की ती मान उंच फेकून मागे सरत असे.

चाचांनी पहिले तीन आठवडे तिच्या अंगावर साज चढविला नाही. ते तिच्याजवळ बाज टाकून बसत. प्रारंभी दाण्याचा तोबरा दूर ठेवीत, मग थोडा जवळ, मग हातात. खरारा प्रथम फक्त खांद्यावर फिरे. तिने मान खाली घातली म्हणजे पाठीवर. पुढे लगाम घालण्याचे दिवस आले ते पौषातील कडाक्याच्या थंडीत. तेव्हा लोखंडी कडियाळे ते आधी आपल्या दोन्ही तळहातांत धरून ऊबदार करीत आणि मगच तिच्या तोंडाशी नेत. मी एकदा म्हणालो, "चाचा, घोडी इतके दिवस बसून खाते आहे. यात तुमचे नुकसान होत नाही का?" ते म्हणाले, "पंडितजी, ही घाबरून आलेली आहे. घाबरलेले जनावर चालते, पण ऐकत नाही. तिचे पाय मला आजही मिळतील. कान मिळायला वेळ लागेल."

हे वाक्य मला लागले, त्याचे कारण माझ्या घरात होते. त्याच दिवसांत मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करवीत होतो. पाठशाळेत माझे स्वतःचे अध्ययन कडक शिस्तीत झालेले. उच्चार चुकला की मी त्याचा कान पिळीत असे. अध्याय त्याला पाठ झाला. परंतु मी खोलीत आलो की तो पोथी मिटून गप्प बसू लागला. चाचा एका मुक्या प्राण्याचा कान मिळविण्यासाठी झटत होते आणि मी तोच हाती असताना घालवीत होतो.

अनुवादाच्या व्यवसायामुळे शब्दाच्या मुळाशी जाण्याची मला सवय आहे. 'विश्वास' हा शब्द श्वस् या धातूपासून झाला आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणे. ज्याच्या सान्निध्यात श्वास मोकळा होतो तेथे विश्वास. घोड्याच्या बाबतीत हा अर्थ डोळ्यांनी पाहता येतो. भ्यालेला घोडा मान ताठ ठेवतो, नाकपुड्या फुलवतो, श्वास रोखतो. भय ओसरले की तो मान खाली सोडून दीर्घ निःश्वास टाकतो. दुसरा शब्द 'विनीत'. आपण त्याचा अर्थ 'नम्र' असा करतो. परंतु अमरकोशात चांगल्या रीतीने वाहून नेणाऱ्या शिकविलेल्या घोड्यालाही हेच नाव आहे. मुलाचा विनय आणि घोड्याचे शिक्षण यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द दिला, यात मोठा अर्थ आहे.

अश्वविद्येचे जे जुने ग्रंथ जगात उपलब्ध आहेत, त्यांतही 'हळूहळू' हेच सूत्र दिसते. आजच्या तुर्कस्थानात बोगाझकोय येथे सापडलेल्या मृत्तिकाफलकांवर मितान्नी देशातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा ग्रंथ आहे. तो सुमारे 3400 वर्षांपूर्वीचा आहे. त्यात रथाच्या घोड्यांना अनेक महिने, दिवसागणिक चाल, चारा, पाणी व विश्रांती कशी द्यावी हे क्रमाने सांगितले आहे. फेऱ्यांची गणना सांगणारे त्यातील शब्द आपल्या एक, त्रि, पंच, सप्त, नव आणि वर्तन या शब्दांशी इतके जुळतात की संस्कृत जाणणाऱ्यास आश्चर्य वाटावे. ग्रीक ग्रंथकार झेनोफन याने सुमारे 2400 वर्षांपूर्वी अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याजवळ कधीही जाऊ नये आणि बळजबरीने करवून घेतलेले काम घोड्याला समजलेलेच नसते, असा त्याचा अभिप्राय आहे. मराठीत घोडे शिकविणाऱ्याला चाबूकस्वार म्हणतात. नाव चाबकाचे असले तरी जाणता चाबूकस्वार चाबकाच्या वापरावरून नव्हे, तर तो किती वेळा वापरावा लागला नाही यावरून ओळखला जातो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. भयाने वश झालेला घोडा आणि विश्वासाने वश झालेला घोडा, दोघेही टांगा ओढतात. फळ एकच असेल तर साधनाचा एवढा विचार कशासाठी?

पहिले उत्तर व्यवहारातले आहे. फळ एकच दिसते ते सुखाच्या दिवसांत. संकटाच्या घटकेला भेद उघड होतो. घोडा हा मूळचा पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. भय वाटले की पळणे हा त्याचा स्वभावधर्म होय. चाबकाचे भय तेवढेच ज्याने शिकले आहे, त्याला चाबकाहून मोठे भय भेटताच चाबूक निरुपयोगी होतो. महाराष्ट्रातील आषाढी वारीत, अंकली येथील शितोळे सरदारांकडून येणारा माउलींचा अश्व पाठीवर स्वार नसताना टाळ-मृदंगांच्या गजरात हजारो वारकऱ्यांच्या मधून रिंगणात धावतो. लखनौमध्ये मोहरमच्या मिरवणुकीत इमाम हुसेन यांच्या घोड्याचे प्रतीक म्हणून सजविलेला घोडा असाच रिकाम्या पाठीने आक्रोशाच्या गर्दीतून शांतपणे चालतो. श्रद्धा भिन्न, विधी भिन्न. परंतु त्या गर्दीत जनावराला स्थिर ठेवणारी वस्तू एकच आहे, आणि ती चाबकाने निर्माण होत नाही.

असा विश्वास ऐन वेळी विकतही मिळत नाही. लखनौपासून फार दूर नसलेल्या ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूर येथे, पेशव्यांच्या आश्रयाखाली वाढलेल्या राणी लक्ष्मीबाईंची अश्वपरीक्षा आणि अश्वविद्या विख्यात होती. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळच्या अखेरच्या लढाईत त्यांच्याखाली नेहमीचा घोडा नव्हता, नवा घोडा होता आणि तो ओढ्याशी अडला, असे परंपरेने सांगितले जाते. स्वार अद्वितीय होती, शौर्यात उणे नव्हते. परंतु त्या दोघांना एकमेकांची ओळख होण्याइतका काळ मिळाला नव्हता.

दुसरे उत्तर याहून खोल आहे, आणि ते साक्षात भगवंतांच्या आचरणात सापडते. द्रोणपर्वातील जयद्रथवधाचा दिवस आठवावा. सूर्यास्ताच्या आत प्रतिज्ञा पुरी व्हायची आहे, क्षणक्षण मोलाचा आहे आणि घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले आहेत. अशा वेळी श्रीकृष्ण रणभूमीच्या मध्यभागी रथ थांबवितात आणि घोडे सोडतात. अर्जुन पायी उभा राहून शत्रूंना थोपवितो, अस्त्राने जलाशय निर्माण करतो. भगवान आपल्या हातांनी घोड्यांच्या अंगातील शल्ये काढतात, त्यांना चोळतात, पाणी पाजतात, चारा देतात आणि मग पुन्हा जुंपतात. त्यांना चाबूक उगारता आला असता आणि घोडे कदाचित धावलेही असते. परंतु ज्यांच्याकडून श्रम घ्यावयाचे त्यांच्या वेदनेची जबाबदारी आपली आहे, हे भर युद्धात दाखवून देणे त्यांनी सोडले नाही. भय घालणाऱ्याला घोड्याची जखम पाहण्याचे कारण नसते. विश्वास मिळवू पाहणाऱ्याला ती पाहावीच लागते. म्हणजे साधनाचा परिणाम घोड्यापेक्षा अधिक स्वारावर होतो.

याच महाभारतात दुसरा सारथी आहे शल्य. रथविद्येत त्याची तुलना श्रीकृष्णांशी केली जाते. परंतु कर्णाचे सारथ्य करताना त्याने पूर्वी दिलेल्या वचनानुसार कर्णाचा तेजोभंग केला. कौशल्य होते, विश्वास नव्हता. परिणाम सर्वांस ठाऊक आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल. चाचांनी घोडीला प्रेमाने शिकविले ते शेवटी टांगा ओढण्यासाठीच. मग हा विश्वास म्हणजे गोड केलेला चाबूक नव्हे काय? हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. धीर हासुद्धा स्वार्थाचे साधन होऊ शकतो. फासेपारधीही धीर धरूनच बसतो. तेव्हा खरा विश्वास आणि डाव यांत भेद कशाने करावा? मला दोन कसोट्या दिसतात. पहिली, समोरच्याच्या नकाराला काही किंमत आहे काय? घोडी मागे सरली त्या दिवशी चाचा साज घेऊन परत फिरत. दुसरी, विश्वास मिळाल्यावर आपण स्वतःला बांधलेले समजतो काय? ज्याने आपल्यापुढे मान खाली घातली, त्याचे आपण ऋणी होतो. म्हातारपणी त्याला रस्त्यावर सोडून देणे हे अनोळखी प्राण्याला दुखविण्यापेक्षा मोठे पाप आहे; कारण त्यात विश्वासघात आहे.

या दोन्ही कसोट्यांवर गीतेचा वक्ता पाहावा. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन भयभीत होतो. त्या भयाच्या बळावर त्याला युद्धाला उभे करणे किती सोपे होते! परंतु भगवान ते रूप आवरतात, सौम्य रूप धारण करतात आणि भ्यालेल्या मित्राला धीर देतात. पुढे अठराव्या अध्यायात सारे ज्ञान सांगून झाल्यावर ते म्हणतात की, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. घोड्यांचे लगाम ज्यांच्या हातात होते त्यांनी अर्जुनाच्या बुद्धीला लगाम घातला नाही. आणि अर्जुन 'संशय गेला' असे म्हणतो ते त्यानंतरच.

एकदा लग्नसराईत मी मुलासह चाचांच्या टांग्यातून येत होतो. वरातीतील फटाक्यांची माळ अगदी शेजारी उडाली. घोडी थरथरली, पाय रोवून उभी राहिली. चाचांनी लगाम ओढला नाही. हलक्या आवाजात तिच्याशी बोलत राहिले. तिचा एक कान मागे, त्यांच्याकडे वळला. थोड्या वेळाने ती चालू लागली. मुलाने विचारले, "बाबा, ती घाबरली होती, मग पळाली का नाही?" मला उत्तर ठाऊक होते, ते सांगण्याचा अधिकार मात्र माझ्याकडे नव्हता.

त्या दिवसापासून मी त्याला पाठ म्हणावयास बोलावणे सोडले. रोज संध्याकाळी एकटाच अध्याय म्हणत बसू लागलो. कित्येक आठवडे तो दाराबाहेरून ऐकत असे. मग उंबऱ्यावर बसू लागला. एके दिवशी आत येऊन माझ्याबरोबर म्हणू लागला. एका ठिकाणी त्याचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला. माझी जीभ शिवशिवली, पण मी थांबलो. ती चूक त्याने पुढे माझे ऐकूनच सुधारली.

वाचकहो, आपणा प्रत्येकाच्या हाती कोणाचा ना कोणाचा लगाम आहे: मुलाचा, शिष्याचा, हाताखालच्या माणसाचा, आणि सर्वांत अवघड म्हणजे आपल्याच मनाचा. हे मनही दरडावून गप्प बसविले तर गप्प बसते आणि पहिला फटाका वाजताच उधळते. त्याला रोज थोडे जवळ बोलवावे, चुकले तर परत आणावे, पुन्हा बोलवावे. भगवंतांनी सांगितलेला अभ्यास तो हाच. आणि कडियाळे तोंडाशी नेण्यापूर्वी ते आपल्या तळहातात क्षणभर धरून पाहावे. ते आपल्यालाच थंड लागत असेल, तर अजून थोडा वेळ थांबावे.