गीता २.१४ : ऑर्किडलाही थोडी थंडी वाजू द्या

आज दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक. इंद्रियांचा विषयांशी स्पर्श झाला की थंडी-ऊन, सुख-दुःख वाट्याला येतं. ते येतं आणि जातं, टिकत नाही. म्हणून ते सोस, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. कुणावर संकट आलं की आपण हा श्लोक ऐकवतो. पण अर्जुन काही आजारी नव्हता. धडधाकट, पूर्ण तयारीचा माणूस. तरी पुढे काही घडत नव्हतं.

पुण्यातल्या एका मैत्रिणीचा प्रश्न असाच, फक्त ऑर्किडबद्दल. पानं जाड, मुळं छान, कीड नाही. दोन वर्षं झाली, फूल मात्र नाही. "आता अजून काय घालू त्याला?"

काहीच घालू नको, म्हटलं.

घरोघरी असतं ते ऑर्किड बहुतेक फॅलेनॉप्सिस. दिवसाचं तापमान २८ अंशांच्या वर राहिलं तर ते नुसती पानं काढतं. दिवसा २५ च्या आसपास आणि रात्री १६ ते १८ अंश, असे तीन-चार आठवडे मिळाले की दांडा फुटतो. फ्लॅटमध्ये खिडकी बंद, पडदा ओढलेला, बाराही महिने एकच हवा. त्या रोपाला हिवाळा आला हे कळणार कसं? शिवाय गडद हिरवी पानं आपल्याला तब्येतीची खूण वाटतात. खरं तर उजेड कमी पडतोय असं ती सांगत असतात. पानावर पोपटी छटा हवी. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन त्याला पुरतं.

आपलंही असंच होतं ना? पगार वेळेवर, जपाचा रिमाइंडर वेळेवर, पारायणही सुरू, आणि आतून सगळं कोरडं. मग आपण अजून एक स्तोत्र वाढवतो. खत वाढवल्यासारखं! त्यापेक्षा कार्तिकात पहाटे काकड आरतीला उठा. अबोला धरलेल्या भावाला आपणहून फोन करा. नको वाटतं, अंगावर येतं, तेच करून बघा.

पण सोसणं म्हणजे छळ नव्हे. शरीराला पीडा देणाऱ्या तपाला भगवंतांनी सतराव्या अध्यायात स्पष्ट नावं ठेवली आहेत. आमच्या हिवरखेडला डिसेंबरात पहाटे सातपुड्याकडून असा गारवा येतो की विचारू नका. अशा रात्री कुंडी अंगणात ठेवली तर रोप जाईल. पारा १५ च्या खाली जातोय दिसलं की आत घ्या.

आणि शेजाऱ्याच्या ऑर्किडशी तुलना नको. डेंड्रोबियम नोबिलेला गारव्यासोबत हिवाळ्यात पाणीही कमी लागतं. आपल्या मेळघाटात झाडांवर वाढणारा व्हँडा तर वऱ्हाडाचं ऊन काढून फुलतो. ज्याचा त्याचा हंगाम.

दांडा निघाला की रोज कुंडी फिरवू नका. तो उजेडाकडे वळतो, जागा बदलली की कळ्या वेड्यावाकड्या लागतात. फूल उमलायला त्यानंतरही दोन-तीन महिने जातात.

उद्या पंधरावा श्लोक.